एब्बाबाईंची चार रिकामी घरं

२००२ सालच्या पानगळीत मी एका म्हाताऱ्या स्वीडिश बाईंच्या गाण्यातली चार घरं पुसून टाकली. ती रिकामी होती, म्हणून. बाईंना विचारलं नाही. विचारायला पाच पावलं चालावी लागली असती, कारण त्या आमच्या समोरच्याच अपार्टमेंटात राहत होत्या.

घर म्हणजे काय ते आधी सांगतो. पाश्चात्त्य पद्धतीने गाणं लिहितात तेव्हा पाच आडव्या रेघा मारतात, आणि ठरावीक मात्रा झाल्या की एक उभी रेघ. दोन उभ्या रेघांमध्ये उरतं ते घर. आपल्या आवर्तनाचं लांबचं भावंड समजा. तर अशी ओळीने चार घरं, ज्यांत एकही सूर लिहिलेला नव्हता. मी पडलो प्रोग्रामर. ज्या ओळीने काहीच घडत नाही ती ओळ काढून टाकायची, हे काम मी तोवर सात वर्षं पगार घेऊन केलं होतं, आणि त्याबद्दल एकदा मला कॉफीचा एक मग बक्षीस मिळाला होता. तो मग अजून आहे. कान तुटलाय.

हे आज आठवायचं कारण माझ्या अंगणात पडलंय. इथे नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात पुन्हा पानगळ सुरू झालीय. ओकची पानं चामड्यासारखी वाजतात, मेपलची ओली होऊन जमिनीला चिकटतात, आणि स्वीटगमची काटेरी बोंडं चपलेतून टाचेत घुसतात. शेजारी पानं उडवायचं मशीन घेऊन शनिवारभर माझ्या अंगणातली पानं माझ्याच अंगणात फिरवतो. हवेला एक कुजका, गोडसर वास आहे. बातम्यांत बँका पडताहेत. ऑफिसात दर शुक्रवारी कोणीतरी पुठ्ठ्याचं खोकं दोन्ही हातांत धरून पार्किंगकडे जातं, आणि आम्ही उरलेले स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतो. दारावर बॅज लावला की हिरवा दिवा लागायला अर्धा सेकंद जातो. तेवढा अर्धा सेकंद मी रोज श्वास धरून उभा असतो. अजून दार उघडतंय.

२००२ साली उघडत नव्हतं. त्या वर्षी मी बेंचवर होतो. बेंचवर म्हणजे कागदावर नोकरी आहे, काम नाही, आणि व्हिसा मात्र त्या कागदाला बांधलेला. कागद गेला की आपण गेलो. दिवसा घरात दिसणारा नवरा चुकीच्या जागी ठेवलेल्या कपाटासारखा असतो. वैशाली, म्हणजे बायको, काही बोलायची नाही. फक्त व्हॅक्युम करताना माझ्या पायांपाशी आली की थांबायची. मी पाय उचलायचो. ती पुढे जायची. महिन्याभरात आमचं एवढंच संभाषण उरलं.

सई तेव्हा पाच वर्षांची होती. घरातल्या शांततेला कंटाळून ती बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसायची, आणि तिथेच तिला एब्बाबाई सापडल्या. बाई ऐंशीच्या पुढच्या. एका हातात किराण्याची पिशवी, दुसऱ्या हाताने कठडा घट्ट धरलेला, आणि प्रत्येक पायरीला एक सूर गुणगुणत वर चढायच्या. वर पोचल्या की गाणं संपलेलं असायचं. सई त्यांच्या मागून एक पायरी खाली राहून तेच गुणगुणत यायची. आठवड्याभरात दोघी एकमेकींच्या घरी जायला लागल्या. सईने त्यांना ‘एब्बा आजी’ करून टाकलं. मला त्यांना काय म्हणावं ते कधीच ठरवता आलं नाही, म्हणून मी तोंडावर ‘मॅम’ आणि पाठीमागे ‘एब्बाबाई’ म्हणायचो.

त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे कोणाकडे बघायचं असलं की त्या मान वळवून भलतीकडे बघायच्या. पहिल्या भेटीत त्या माझ्या खांद्यावरून फ्रिजकडे बघत म्हणाल्या, “तुझे कान मला स्पष्ट दिसताहेत. चांगले मोठे आहेत. चेहरा नाही दिसत.”

“चेहऱ्यात काही विशेष नाही,” मी म्हणालो.

“कानांचा उपयोग करतोस का?”

मी सांगितलं की साताऱ्यात तीन वर्षं हार्मोनियम शिकलोय आणि इथल्या मराठी मंडळात आरत्यांना वाजवतो. हे खरं होतं. माझ्या वाजवण्यामुळे दोन आरत्या नेहमीपेक्षा लवकर संपतात, असं मंडळातले एक काका म्हणतात, हे मी सांगितलं नाही.

एब्बाबाई लहान मुलांसाठी गाणी करायच्या. आयुष्यभर तेच केलं. उत्तर स्वीडनमधल्या एका तळ्याकाठचं गाव, वडील शाळामास्तर आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. बाई बालवाडीत शिकवायला लागल्या आणि पहिलं गाणं केलं ते बुटाची नाडी बांधायचं. मग हातमोजे घालायचं. मग भुंकणाऱ्या कुत्र्यासमोरून न पळता जायचं. चांदण्या, पऱ्या, फुलपाखरं यांच्यावर त्यांनी एकही गाणं केलं नाही. “पोराला चांदण्यांचं काय काम असतं,” त्या म्हणायच्या. “त्याची नाडी सुटलेली असते.”

गाणं पाच-सहा सुरांच्या पुढे न्यायचं नाही, कारण पोराचा गळा तेवढाच. आणि गाणं झालं की वर्गाला शाळेच्या जिन्यावर न्यायचं. जिना चढताना म्हणता आलं तर गाणं बरोबर. मध्येच पोरांना धाप लागली तर चूक पोरांची नाही, बाईंची. मग त्या रात्रभर बसून श्वासाची जागा बदलायच्या. ती गाणी रेडिओवर लागली, शाळाशाळांत गेली. पुढे त्या गिरण्यांची यंत्रं बसवणाऱ्या एका अमेरिकन इंजिनियरशी लग्न करून नॉर्थ कॅरोलायनात आल्या आणि चाळीस वर्षं इथेच राहिल्या. तिकडे गाणी चालू राहिली, बाईंचं नाव गळून गेलं. एकदा त्या माहेरी गेल्या तेव्हा भाचीने त्यांना त्यांचंच हातमोज्यांचं गाणं शिकवलं, आपलं जुनं पारंपरिक आहे म्हणून.

“तुम्ही सांगितलं नाहीत?” मी विचारलं.

“कशाला? तिने श्वास बरोबर जागी घेतला.” त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. “नाव जाऊ दे. श्वासाची जागा राहायला हवी.”

मी मान डोलावली. ती त्यांना दिसायची शक्यता नव्हती, पण मी सवयीने डोलावली, आणि ऐकलेलं डोक्यात न शिरता कानातून परत गेलं. कान मोठे होते, एवढाच त्यांचा गुण.

बाईंचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी हिवाळ्याबद्दल काही खात्री दिली नव्हती. त्यांची इच्छा एकच होती. त्यांच्या चर्चमध्ये डिसेंबरात ल्यूसियाचा सण होतो, पांढरे झगे घातलेली मुलं दिवे घेऊन येतात, गातात. त्या दिवशी मुलांनी त्यांचं एक गाणं म्हणावं. बर्फाचं गाणं. ते त्यांनी तरुणपणी केलं, कधी छापायला दिलं नाही आणि कुठल्या वर्गाला शिकवलंही नाही. “डोळे गेले, आता कान आहेत. ते आहेत तोवर मला ते एकदा मुलांच्या तोंडून ऐकायचंय. एकदाच.”

त्यांच्या निळ्या फाइलमध्ये पेन्सिलीने लिहिलेली चाळीसेक गाणी होती. चर्चमध्ये मुलांना गाणं शिकवणाऱ्या मिस डोनाला ते पुसट अक्षर लागत नव्हतं. कॉम्प्युटरवर नीट टाइप करून द्यायला कोणी हवं होतं. वैशालीने माझ्याकडे न बघता सांगितलं, “मिलिंद करेल. मोकळाच आहे.”

मला वाटतं, त्या वर्षात कोणीतरी मला काम दिलं तो हा एकच प्रसंग.

मी लायब्ररीतून पुस्तक आणून स्वरलिपी शिकलो. एक सॉफ्टवेअर मिळवलं. सकाळी दाढी करून, शर्ट घालून टेबलाशी बसायला लागलो. वैशालीचा व्हॅक्युम माझ्यापासून लांबून जायला लागला. पहिली दोन गाणी झाली तेव्हा मी लॅपटॉप उचलून बाईंकडे गेलो आणि त्यातल्या यांत्रिक पियानोवर ती वाजवून दाखवली. बाईंनी दुसऱ्या ओळीला हात वर केला.

“हे शिवणयंत्र आहे,” त्या म्हणाल्या. “मला ऐकवू नकोस. तू फक्त आहे तसं लिही.”

आहे तसं. हे शब्द मला आजही पाठ आहेत.

बर्फाच्या गाण्याला आलो तेव्हा पानगळ भरात होती. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये पिवळा सडा. गाणं सोपं होतं. तळं गोठलंय, पलीकडे आजी राहते, तिच्याकडे दूध पोचवायचंय, चालत चालत निघालोय. सूर पावलांसारखे, एकेक. आणि मध्यावर ती चार घरं. काही नाही. विरामाची खूणसुद्धा नाही. नुसत्या उभ्या रेघा, पेन्सिल दाबून काढलेल्या. त्यानंतर गाणं पुन्हा पहिल्यासारखं चालायला लागायचं.

मला बाईंची फार दया आली. वाटलं, डोळे अधू, लिहिताना जागा सुटून गेली असेल, कळलंही नसेल. समोर जाऊन विचारायला उठलोसुद्धा होतो. दारापर्यंत गेलो. मग मनात आलं, ‘इथे तुमची चूक झालीय’ असं या वयात, या अवस्थेत त्यांना कशाला सांगायचं? मनाला लागेल. आपल्याकडे मोठ्या माणसाची चूक अशी न बोलता पोटात घालतात आणि गुपचूप निस्तरतात. मी परत फिरलो, चारही घरं निवडली आणि पुसली. गाणं कसं सलग झालं. अडखळणं गेलं. मग मी, हे लिहिताना आजही हात अडतो, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘टाइपसेट: मिलिंद के.’ असं टाकलं. बाईंचं नाव वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात घातलं, तेवढी अक्कल होती.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझे हार्मोनियमचे गुरुजी हाताने ताल धरायला शिकवायचे. समेवर टाळी आणि खालीला हात उघडा करून हवेत बाजूला न्यायचा. मी खालीला काहीच करायचो नाही, कारण तिथे टाळी नाही. गुरुजी माझं मनगट धरून हात हवेत फिरवायचे आणि म्हणायचे, “खाली म्हणजे सुट्टी नाही रे, गाढवा. ती मोजायची असते.” तीन वर्षं हे ऐकलं होतं.

चर्चमधल्या मुलांबरोबर सईही गाणार होती. ती मात्र तेव्हा रोज दुपारी समोर जाऊन तेच गाणं बाईंकडून तोंडी शिकत होती. मला ते माहीत होतं. कधी दाराबाहेरून पुढे गेलो तर आतून गाणं ऐकू यायचं, मध्येच बंद पडायचं, परत सुरू व्हायचं. वाटायचं, पोरगी विसरतेय, बाई आठवण करून देताहेत.

चर्चमधल्या दोन्ही तालमी नोव्हेंबरातल्या शनिवारी होत्या. दोन्ही शनिवारी मी टेक्सासला, अर्विंगमध्ये होतो. एका ओळखीच्याकडे गादीवर झोपून मुलाखती देत होतो. मला विचारण्यात आलेल्या प्रश्नांपैकी एक होता, “तुम्ही स्वतःहून काय सुधारणा केल्यात?” मी बरंच बोललो. वैशालीकडे तेव्हा लायसन्स नव्हतं, त्यामुळे सईच्या तालमी बुडाल्या. मी फोनवर म्हणालो, “तिला येतंय की गाणं. तालमीची काय गरज आहे?” एब्बाबाईही अंथरुणाला टेकलेल्या, त्याही गेल्या नव्हत्या. मी ज्या गाण्याला हात लावला ते सणाच्या आधी त्या कानांवर पडायची शेवटची संधी अशी हुकली.

मी परतलो आणि चार दिवसांत बर्फाचा पाऊस झाला. पाणी पडताना पाणीच होतं, झाडाला लागलं की काच. सकाळी बाहेर बघितलं तर प्रत्येक काडी, प्रत्येक पाइनची सुई काचेची झालेली. आणि मग फांद्या मोडायला लागल्या. बंदुकीसारखा आवाज, मागून काचा ओतल्यासारखा सडसडाट. वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. आमच्या अपार्टमेंटात एक शेकोटीची जागा होती, जिथे आम्ही तोवर चपला ठेवत होतो. चपला काढून लाकडं घातली आणि बाईंना उचलून आणल्यासारखं आणून समोर बसवलं. वैशालीने त्यांना आपल्या आईने दिलेली गोधडी पांघरली.

दुपारची वेळ होती. बाहेर फांद्या मोडत होत्या. मी प्रत्येक आवाजाला दचकून गाडीकडे बघत होतो. बाई आणि सई शेजारीशेजारी, अगदी स्तब्ध. बाईंचा हात सईच्या गुडघ्यावर.

“काय सांगतोय?” बाईंनी विचारलं.

“नॉट येट,” सई कुजबुजली. “अजून नाही म्हणतोय.”

“शहाणी आहेस.”

मी वैशालीला मराठीत म्हणालो, “दोघींचं काय चाललंय यार?” ती म्हणाली, “तू जरा गप्प बसतोस का? त्या ऐकताहेत.”

ल्यूसियाच्या संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोडक्या फांद्यांचे ढीग होते. वैशालीने पांढऱ्या चादरीचा झगा शिवला होता आणि कमरेला तिच्या लाल ओढणीची पट्टी. चर्चमध्ये मेणाचा आणि ओल्या लोकरी कोटांचा वास. बाईंना पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, तेवढाच मान वळवायचा त्रास वाचला. मी कडेच्या खुर्चीवर, कॅमेरा गळ्यात. वीस-पंचवीस मुलं, हातांत बॅटरीचे दिवे. सई पुढच्या रांगेत शेवटची.

गाणं सुरू झालं. मुलं जागच्या जागी पावलं टाकत होती. तळं गोठलंय, चालत चालत. मी मनात म्हणालो, वा, काय स्वच्छ टाइप केलंय.

आणि मध्यावर सई थांबली.

नुसती थांबली नाही. तिने एक पाय उचलला, मान एका बाजूला कलती केली आणि तशीच उभी राहिली. बाकी सगळी मुलं सरळ पुढे गेली, चालत चालत, सलग, न अडखळता. त्या सगळ्यांत एकटी माझी मुलगी एका पायावर. माझे कान तापले. मी खुर्चीतून अर्धा उठलो आणि दोन्ही हात हलवायला लागलो. म्हण, म्हण, पुढे म्हण. चल. तिची नजर माझ्यावर आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या मुलांकडे. मग पाय खाली ठेवला आणि त्यांच्यात मिसळून गायला लागली. मी सुटकेचा श्वास टाकला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

बाईंनी वाजवल्या नाहीत. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, “एक मूल थांबलं. कोण होतं ते?”

“आमची सई,” मी म्हणालो. “सॉरी, मॅम. तिच्या तालमी बुडाल्या ना, गडबडली. मी घरी तयारी करून घेतो तिची.”

बाईंनी मिटलेले डोळे उघडले. मग म्हणाल्या, “आणि बाकीची का नाही थांबली?”

परतताना गाडीत त्या माझ्या शेजारी होत्या. वैशाली आणि सई मागे. सई वैशालीच्या मांडीवर डोकं टेकून झोपली होती. वायपरने बारीक बर्फ सरत होता. बाईंनी न विचारता सांगायला सुरुवात केली, काचेकडे तोंड करून.

“नवा बर्फ बोलतो. वडिलांनी आम्हाला शिकवलं होतं. काही पावलं चालायचं, मग थांबायचं. एक पाय उचलायचा, कारण दोन पायांवर आपणच आवाज करतो. चार श्वास ऐकायचं. बर्फाने काही म्हटलं नाही तर पुढे. म्हटलं तर आल्या पावली मागे. मी नऊ वर्षांची होते. ब्रिटा पाच. आजीकडे दूध द्यायचं होतं. मी आधी पलीकडे पोचले. ती मध्यावर थांबली होती, एका पायावर, शिकवलं तशी. मला थंडी वाजत होती.” त्यांनी मांडीवरचा हात उचलला. “मी हात हलवला. ये, ये. चल लवकर.”

मागून वैशालीने हळूच विचारलं, “मग?”

“ती आली. ती माझं ऐकायची.”

स्टिअरिंगवरचे माझे दोन हात मला अचानक फार मोठे दिसायला लागले. बाईंना ते दिसले नव्हते. चर्चमध्येही दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी ती पाच पावलं चाललो आणि सांगितलं, घरं मीच पुसली.

“का?”

“रिकामी होती.”

“विचारलं का नाहीस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“मला वाईट वाटेल म्हणून,” बाई सावकाश म्हणाल्या. त्यांना हसू आलं, त्याचा खोकला झाला, आणि तो बराच वेळ थांबेना. “सत्तर वर्षं मला वाईटच वाटतंय, मुला. त्यात तू काय भर घालणार होतास?”

मी पाच मिनिटांत घरं परत घातली. चार वेळा एक कळ दाबायची. नवीन प्रिंट घेऊन गेलो, लॅपटॉपवर ऐकवू का विचारलं. त्या नको म्हणाल्या. शिवणयंत्र बंद पडलं म्हणजे शांतता होत नाही, तिथे कोणीतरी न गाता उभं असावं लागतं. मिस डोना म्हणाली ईस्टरला पुन्हा बसवू. तोवर सईने म्हणून दाखवलं तरी चालेल, असं बाई म्हणाल्या. तिला पाठव.

सई गेली नाही. “मला मध्ये येत नाही,” म्हणाली. “आय फर्गेट.” मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. खरं काय ते तिला तेव्हा सांगायला हवं होतं, की बाळा, तू बरोबर होतीस, चुकला तो तुझा बाप. तिला पाचव्या वर्षी काय कळणार, असा मी विचार केला. विसरून जाईल. बापाची अब्रू तेवढी राहील. वैशाली दोनदा म्हणाली, “तू सांग तिला. मी नाही सांगणार, तूच सांग.” मी म्हणालो, सांगतो. जानेवारीच्या शेवटी, एका सकाळी, समोरचं दार वैशालीने वाजवलं आणि ते कोणी उघडलं नाही.

मिनेसोटाहून भाचा आला. सभ्य माणूस. दोन दिवसांत अपार्टमेंट रिकामं केलं. मी निळी फाइल त्याच्या हातात दिली, प्रामाणिकपणे, एकही झेरॉक्स न काढता. त्याने ती खोक्यात टाकली, त्यावर भांडी ठेवली. त्याला सांगणार होतो की त्यात काय आहे. पण त्याची मावशी गेली होती. मनाला लागलं असतं.

मार्चमध्ये मला काम मिळालं. आयुष्य सलग झालं.

परवा पानं गोळा करून घरात आलो तर डायनिंग टेबलवर सईचे कागद पसरलेले. ती आता अकरा वर्षांची आहे, शाळेच्या कोरसमध्ये आहे. विंटर कॉन्सर्टसाठी वाटलेला एक कागद वर होता. झेरॉक्सची झेरॉक्स, त्याची पुन्हा झेरॉक्स. वरच्या बाजूला शाळेचं रंगीत शीर्षक चिकटवलेलं, त्याखाली कोणीतरी हाताने लिहिलं होतं: पारंपरिक. शीर्षकाखाली बाईंचं नाव झाकलं गेलं होतं. खाली पाच रेघा, सुटे सूर, पावलांसारखे. चालत चालत. कुठेही थांबा नाही. आणि अगदी तळाशी, पुसट पण वाचता येईल असं: टाइपसेट: मिलिंद के.

पहिल्या, बिघडलेल्या प्रिंटची प्रत मिस डोनाने कोणाला दिली असेल, त्यांनी पुढे कोणाला. सुधारलेली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ती कोणी मागितली नाही. बाईंचं सगळं गेलं, डोळे, नाव, फाइल, चार श्वास. राहिलो मी, तळाशी, बारीक अक्षरात.

सई फ्रिज उघडून उभी होती. मी खुर्चीवर बसलो आणि सहा वर्षं उशिरा तिला सांगितलं. घरं, पुसणं, हात हलवणं, ब्रिटा, सगळं. ती दुधाचा डबा हातात धरून ऐकत होती.

“आय नो,” ती म्हणाली.

“आईने सांगितलं?”

“नाही. मी गाडीत जागी होते.” तिने ग्लासात दूध ओतलं. “मला वाटलं तू सांगशील. मग मला वाटलं, तू विसरलास.”

बाहेर शेजाऱ्याचं मशीन.

“तू शाळेत काही बोललीस?” मी विचारलं.

“मिसला सांगितलं, इथे चार बार्स ऑफ सायलेन्स आहेत. ती म्हणाली, शीटमध्ये नाहीत. शीटवर माझ्याच बाबाचं नाव आहे हे नाही सांगितलं.” ती दूध प्यायली. “मी थांबणार आहे. बाकीचे नाही थांबले तरी.”

“मी उद्या येतो शाळेत. मिसला भेटतो. तिला समजावून सांगतो, माझ्याकडे नीट केलेली प्रिंट आहे.”

“प्रिंट माझ्याकडे दे,” सई म्हणाली. “तू येऊ नकोस.” ग्लास सिंकमध्ये ठेवून ती दारापर्यंत गेली आणि वळली. “कॉन्सर्टला ये. पण सगळ्यात मागे बस, बाबा. आणि हात खिशात ठेव.”